मुंग्यांची ओळ कुठं जाते

आज सकाळी ओट्यावर मुंग्या दिसल्या आणि दुधाचं पातेलं माझ्या हातात तसंच राहिलं. काळ्या, बारीक, एकीमागं एक, खिडकीच्या चौकटीतनं उतरून नळाच्या मागनं चाललेल्या. गॅस बंद केला. पोरीची एक वेणी घालून झाली होती, दुसरी राहिली होती, तीही राहू दिली. मुंग्या दिसल्या की आधी ओळ कुठं जाते ते बघायचं, पुसायचं नंतर, असा माझा नेम आहे. नळाच्या मागं भिंत संपते. तिथनं उजवीकडं गेलं की न्हाणीघर, डावीकडं डब्यांची फळी. मी वाकून बघत राहिले. न्हाणीघराकडं नको, एवढंच मनात म्हणत होते, खोटं कशाला सांगू. ओळ कोपऱ्यावर जरा थबकली, दोन-चार मुंग्या उगाच गोल फिरल्या, आणि मग सगळी पलटण डावीकडं वळली. फळीवर चढली. परवा गावाकडनं आलेल्या गुळाच्या डब्याकडं गेली.

इतका आनंद झाला की मी एकटीच हसत सुटले.

"काय गं, झालं काय?" हे टॉवेल खांद्यावर टाकून आले.

"मुंग्या आल्या."

"मग हसतीस कशाला?"

"डब्याकडं गेल्या."

तेव्हा ह्यांना समजलं. लग्नाला आठ वर्षं झाली, गोष्ट त्यांना पाठ आहे. "बरं झालं," म्हणाले, आणि पोरीची दुसरी वेणी स्वतःच घालायला बसले. ती वेणी शाळेपर्यंत टिकली नसणार, पण असो.

आम्ही केरळात राहतो. हे सोनं गाळतात. आमच्या सांगलीकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या घराघरातलं कुणी ना कुणी ह्या गलाईच्या धंद्यात आहे. सोनारांची गल्ली जिथं असेल तिथं एक भट्टी आणि एक मराठी माणूस सापडतोच. माझं माहेर मात्र सातारा जिल्ह्यातलं, उंब्रजच्या अलीकडं, कृष्णेच्या काठचं, उसाचं. शाळा नववीपर्यंत. इथं मी ब्लाउज शिवते, आणि दसरा झाला की माझं लक्ष शिवणात राहत नाही. कारण तिकडं गुऱ्हाळं पेटतात.

तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन येतो. "पेटवलं गं," एवढंच म्हणतात. मला लगेच वास येतो. इथं खिडकीबाहेर नारळ, माघारी फिरलेला पाऊस, भिजलेली कौलं, आणि नाकात मात्र उकळत्या रसाचा वास. चिपाडाचा जाळ, चुलीवर खोलीएवढी लोखंडी काहील, तिच्यातला हिरवट रस हळूहळू पिवळा, मग तांबूस होत जाणारा, आणि काठावर लांब दांड्याचं फावडं घेऊन उभे तात्या. तात्या गुळव्या. म्हणजे गूळ कधी झाला हे सांगणारा माणूस. रस कुणीही उकळेल. काहील कधी उतरवायची, हे एकट्या गुळव्याला कळतं. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपट लागतो. तात्या बुडबुडे बघायचे. आधी माशाच्या डोळ्यांसारखे, मग जाड, मग सुस्त. थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटांत गोळी वळायचे, ती काहिलीच्या काठावर मारून आवाज ऐकायचे. आणि सगळ्यात शेवटी चिमूटभर जिभेवर. मग हात वर. मग माणसं धावायची, काहील ओढायची, आणि गूळ वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, सोन्याच्या ओढ्यासारखा पसरायचा. एवढी वर्षं मी सोनं गाळणाऱ्याच्या घरात आहे, पण खरं वितळलेलं सोनं कसं दिसतं ते मला आधीच माहीत होतं.

पहिली काहील उतरली की पहिला गूळ देवाला, आणि दुसरा मुंग्यांना. तात्या लिंबाएवढा गोळा घेऊन बांधावरच्या वारुळाशी जायचे. "त्यास्नी हितंच दिलं की ती घरात कशाला येतील," म्हणायचे. येतच होत्या, पण तात्यांचं म्हणणं होतं, दिलं नसतं तर अजून जास्त आल्या असत्या. ह्याचा पडताळा कोण बघणार.

हंगामात आमचं घर म्हणजे मुंग्यांचं माहेर. ढेपा पडवीत, काकवीचे डबे माळ्यावर, तात्यांचे कपडे दोरीवर. आईचं युद्ध दिवाळीपासून चालायचं. गुळाच्या डब्याखाली परात, परातीत पाणी, मध्ये वीट, विटेवर डबा. बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. उंबऱ्यावर राखेची रेघ. भिंतीच्या भोकात ओल्या मातीचा गोळा. मला ह्या युद्धात भारी गोडी. शाळा सुटली होती. आईचं कंबरडं धरलं होतं, गुऱ्हाळावरच्या माणसांच्या भाकरी कुणीतरी थापायलाच हव्या होत्या, आणि हायस्कूल लांब. रडले चार दिवस, मग भाकरी थापायला लागले. पण डोळे रिकामे राहत नाहीत. मी मुंग्या बघायला लागले.

आधी एकच येते. ती इकडं-तिकडं हुंगत फिरते, हरवल्यासारखी. तिला काही सापडलं की ती माघारी जाताना मात्र सरळ जाते, आणि जाता जाता वासाची वाट आखून ठेवते. बाकीच्या त्या वाटेनं येतात. मी ओळीवरनं आडवं बोट फिरवायची. बोट फिरवलेल्या जागी येऊन मुंग्या थांबायच्या, ह्या काठावर एक घोळका, त्या काठावर दुसरा, पूल वाहून गेल्यासारखा. मला वाटलं, हा शोध मी लावला. पुढं कळलं की जगाला ठाऊक होतं. दहावीच्या पुस्तकात असेलही, मी तिथवर पोचले नाही.

म्हणून सांगते, नुसत्या मुंग्या मारून काही होत नाही. वाट पुसली पाहिजे. साबणाच्या पाण्यानं, नाहीतर लिंबाच्या सालीनं, चांगली घासून. नाहीतर मारलेल्यांच्या जागी दुसऱ्या येतात. आणि त्या कशाला आल्या तेही बघावं लागतं. पावसाचं पाणी वारुळात शिरलं म्हणून कोरडं बघत येतात, उन्हाळ्यात पाणी शोधत येतात, आणि गोड सांडलेलं असलं तर कधीही येतात. उगाच कुणी येत नाही.

तो हंगाम. तेव्हा मी सतरा-अठराची असेन. ऊस चांगला होता, गुऱ्हाळ दिवसाला चार-चार काहिली काढत होतं, आणि मोरीत मुंग्या झाल्या.

मोरी म्हणजे आमच्या घराचा मागचा कोपरा, दगडी फरशी, एक भोक, एक रांजण. तिथं कधी गूळ गेलेला नाही. तरी रोज सकाळी फरशीवर काळी रांगोळी. आईला विचारलं तर म्हणाली, "तुजा बाप हातपाय धुतोय न्हवं तितं. अंगाला समदा गूळच असतोय त्येच्या." पटलं. मी फरशी राखेनं घासली, भोकाभोवती हळद टाकली, बाजारात मिळतो तो मुंग्यांचा खडू ओढला. दोन दिवस मुंग्या गायब. मी फुशारले. तिसऱ्या दिवशी परत. परत घासली. असं महिनाभर मी लढले, आणि आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमची पोरगी मोरी आरशागत ठेवती." मला किती बरं वाटलं होतं ते ऐकून. मुंग्या रोज निरोप आणत होत्या आणि मी रोज पुसत होते.

कारण तात्यांची तब्येत तेव्हाच उतरत चालली होती. पण गुळव्याच्या अंगावर आजार दिसत नाही, धंदाच दिसतो. तांब्यामागनं तांबे पाणी प्यायचे. दिवसभर जाळापुढं उभा राहणारा माणूस पाणी पिणारच, आणि रात्रीतनं चारदा उठून मोरीत जाणारच. वाळले होते, हंगामात सगळेच वाळतात. पायजम्याला मुंग्या लागायच्या. गुळाचे कपडे, लागणारच. हंगामाच्या सुरुवातीला काकवी उडून डाव्या पायाच्या करंगळीशी पोळलं होतं, ते अजून ओलंच होतं. रोज तिथंच गरम उडतंय तर बरं कधी व्हायचं. प्रत्येक गोष्टीला गुऱ्हाळानं उत्तर तयार ठेवलं होतं.

मग एक दिवस तात्या पाटणला पाहुण्यांकडं गेले, दोन दिवस मुक्कामाला. पहिल्या दिवशी मोरीत मुंग्या आल्या, हिंडल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी एकही नाही. मी खडू ओढला नव्हता, हळद टाकली नव्हती. आई आणि मी दोघी त्याच मोरीत हातपाय धूत होतो, गुळाचेच हात. तरी नाही.

मी फरशीकडं बघत उभी राहिले आणि काहीतरी खटकलं. काय ते कळेना, पण खटकलं. तात्या परत आले, दुसऱ्या सकाळी मुंग्या हजर. मी घरामागच्या परड्यात गेले. गडीमाणसं जिथं आडोशाला जातात तिथं बाभळीच्या बुडाशी गेले. तिथं तर गूळ कुणी नेऊन टाकत नाही. बुडाशी तात्यांच्या नेहमीच्या जागी मुंग्यांचं मोहोळ होतं, बाकी सगळी जागा मोकळी. मी पळत घरात आले. मला आठवतं, मी चक्क पळत होते, काहीतरी सापडल्याच्या खुशीत, आणि निम्म्या वाटेत थांबले. कारण सांगायचं कसं? बापाच्या लघवीबद्दल पोरीनं बोलायचं कसं?

आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. "गप," म्हणाली. "बापाबद्दल आसलं बोलत्यात व्हय? लाज न्हाई?"

"आई, शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांस्नी असंच झालं हुतं म्हणत्यात. साखर हुती त्यास्नी."

"त्यो म्हातारा हुता. तुज्या बापाला काय झालंय, उभा हाय की दांडग्यागत."

पण तिचे हात पिठात थांबले होते. दुसऱ्या दिवशी ती तांब्या घेऊन परड्यात गेली आणि बाभळीचं बूड बघून आली. भाकरीचं टोपलं माझ्या डोक्यावर दिलं आणि म्हणाली, "तूच सांग. माज्यानं व्हनार न्हाई."

गुऱ्हाळावर गेले तेव्हा तिसरी काहील रंगात आली होती. तात्या फावडं फिरवत होते. धुरात, वाफेत, मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिथं आवाज इतका की कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून जमलं.

"तात्या, मोरीत मुंग्या येत्यात."

"येऊ द्यात. मारू नगंस."

"तुमी गावाला गेल्यावर येत न्हाईत. तुमी आला की येत्यात. बाभळीखाली बी हायेत. जितं तुमी जाता तितंच."

त्यांचं फावडं थांबलं नाही. फिरवता फिरवताच म्हणाले, "गूळ कवा झाला ते सांगून माजी उमर गेली. आता तू मला माजं सांगायला आलीस?"

"व्हय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, रसाकडं बघत राहिले. मला वाटलं, संपलं, आता रागावतात. पण तात्या खुणा वाचणारे. बुडबुड्यावरनं आतली गोष्ट ओळखणारा माणूस मुंग्यांची खूण खोटी कशी म्हणेल? "ही काहील उतरू दे," म्हणाले. मी थांबले. ती काहील उतरायला किती वेळ लागला असेल? नेहमीएवढाच. पण मला वाटत होतं रस मुद्दाम गोठून बसलाय. गोळी वळली, काठावर वाजवली, चिमूट जिभेवर ठेवली. हात वर केला. गूळ वाफ्यात गेला. मग त्यांनी फावडं आपल्या जोडीदाराच्या हातात दिलं, पायताण घातलं, आणि माझ्या पुढं चालत थेट परड्यात बाभळीखाली गेले. उकिडवे बसून बघितलं. बराच वेळ.

"उद्या मिरजंला जाऊ," म्हणाले.

मिरजेला का, तर आमच्याकडं काही मोठं दुखणं निघालं की मिरजच. कराडहून रेल्वेनं गेलो, मी आणि आई त्यांच्या दोन बाजूंना, जणू ते पळून जाणार होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं आईएवढ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. तात्यांच्या पायाची पट्टी सोडली.

"दुखतं का?"

"अजाबात न्हाई," तात्या अभिमानानं म्हणाले. "पयल्या दिसापासनं न्हाई दुकत."

तात्यांना वाटलं, ही चांगली खबर. बाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी सुईचं टोक करंगळीला लावलं, मग पंजाला, मग घोट्याला. तात्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते, त्यांना काही कळलंच नाही. रक्त घेतलं, लघवी तपासली. कागद हातात आल्यावर बाई खुर्चीत मागं टेकल्या.

"साखर खूप आहे. आतापर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आणि आज कसं आलं?"

आईनं माझ्याकडं बोट केलं. "हिनं वळिकलं. मुंग्यांवरनं. शाळा सोडल्याली हाय, पन ध्यान लय बारीक."

मी मान खाली घातली. बाईंनी मला मोरी, गाव, बाभूळ, सगळं विचारलं, मधे न तोडता ऐकून घेतलं. नववीपर्यंतच्या मुलीचं इतकं नीट कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मग तात्यांना म्हणाल्या, "अजून आठ दिवस जाळापुढं उभे राहिला असता ना, तर मी आज गुडघ्याखालचं बोलत असते. आता करंगळीवर निभावेल, बहुतेक."

त्या "बहुतेक"वर आम्ही तीन आठवडे काढले. करंगळी गेली. पाय राहिला. पट्टी बदलायला येणाऱ्या सिस्टरनं मला साखर बघायचं यंत्र शिकवलं, सुईचं माप शिकवलं, आणि कागदावर सगळं लिहून घ्यायला लावलं. माझं अक्षर बघून म्हणाली, "छान आहे की." तो कागद मी अजून जपलाय, केरळात आणलाय. त्या दोघींची आठवण झाली नाही असा हंगाम गेला नाही.

तात्या मात्र खाटेवर पडल्या पडल्या विचारायचे, "माज्या मागं काहील कोन उतरवतंय?" आणि नाव सांगितलं की डोळे मिटून घ्यायचे, जणू करंगळीपेक्षा ते जास्त दुखतंय.

पुढच्या हंगामाला ते परत काठावर उभे राहिले, पायात जाड बूट घालून. पण गूळ जिभेवर ठेवायची मनाई. तसा त्यांना बुडबुडा दिसत होता, आवाज ऐकू येत होता, पण शेवटची चिमूट माझ्या तळहातावर यायची. लग्न होईपर्यंत तीन हंगाम, रोज. गूळ माझ्या जिभेवर, आणि तात्यांचे डोळे माझ्या तोंडावर. मी मान हलवली की त्यांचा हात वर. अख्खं गुऱ्हाळ माझ्या मानेवर चालायचं. एवढा मान मला पुन्हा कुठं मिळाला नाही, आणि मिळाला नाही तरी चालेल.

आता पहिल्या काहिलीचा गूळ इकडं येतो. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी सारखी येत-जात असतात, कुणाच्या तरी पिशवीत कागदात गुंडाळून येतो. चव कशी आहे हे मी फोनवर सांगायचं, हे आता ठरलेलंच आहे.

दुपारी शेजारच्या लीलाचेची, म्हणजे लीलाताई, आल्या. ओट्यावरची ओळ बघून घरी गेल्या आणि फवाऱ्याची बाटली घेऊन आल्या. त्यांचं मल्याळम, माझं तोडकंमोडकं, मधे थोडी हिंदी, असं आमचं चालतं.

"मारत का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"आधी विचारते, कुठं चाललात. मग घालवते."

चेची कपाळाला हात लावून हसल्या. पण मी त्यांना परातीतली वीट दाखवली, खिडकीच्या चौकटीतली फट दाखवली, तिथं भरायला मेणाचा गोळा करून ठेवलेला दाखवला. फवारा घरात पोर असताना कशाला, त्यापेक्षा फट बुजवा, म्हटलं. जाताना मात्र मी त्यांना दारात थांबवलं आणि विचारलं, "तुमच्या न्हाणीघरात कधी मुंग्या येतात का? चेट्टन आंघोळ करून गेल्यावर?" चेट्टन म्हणजे त्यांचे मालक. असं का विचारतेस, म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. भाषा अपुरी पडली तिथं हातानं सांगितलं. मुंग्यांनी पाय वाचवला, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं, त्यांना वाटलं माझं मल्याळम चुकतंय. काळजी माझा पिच्छा सोडत नाही, हे मला माहीत आहे. कुणाच्याही घरी गेले की हात धुवायच्या निमित्तानं मी न्हाणीघराची फरशी बघून येते. मुंग्या नुसत्या फिरत असल्या तर काहीच नसतं, बहुतेक वेळा साबण नाहीतर ओलच असते. पण एकाच जागी रोज जमल्या तर तपासून घ्यावं. तपासायला किती वेळ लागतो?

संध्याकाळी फोन लागला. ओळ तशीच होती, मी दिवसभर पुसली नव्हती. गुळाचा एक खडा मात्र बाहेर कुंपणाच्या भिंतीवर ठेवून आले होते, तात्यांच्या पद्धतीनं.

"गूळ मिळाला का?" तात्या.

"मिळाला. चव लय चांगली हाय. जरासा आधी उतरवला का हो?"

"व्हय गं," ते म्हणाले, आणि त्यांना किती बरं वाटलं ते आवाजावरनंच कळलं. "वाऱ्यामुळं जाळ पळत हुता. वळिकलंस बरूबर." मग म्हणाले, "मुंग्या लागल्या का?"

"लागल्या."

"कशाला?"

"डब्याला."

"आनि मोरीत?"

"न्हाईत. सकाळीच बगितलं. तुमच्याकडं?"

मागनं आईचा आवाज आला, फोनपासनं लांबनं, ओरडून. तात्या हसले. "तुजी आई आत्ताच बगून आली. म्हनती एक न्हाई. सांगा म्हनती तिला, नायतर जेवायची न्हाई ती."

फोन ठेवला. वाटीत साबणाचं पाणी केलं, फडकं भिजवलं, आणि खिडकीपासून फळीपर्यंत ओळ सावकाश पुसून काढली.